शंभर गाईंचा एकच वळू

मी वळू बोलतोय. गवळाऊ जातीचा, पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा. वरूडकडच्या, शेंदूरजनाघाटजवळच्या एका गावात, पुंजारामच्या गोठ्यात माझा जन्म झाला. त्याने माझं नाव सरदार ठेवलं आणि मीही त्या नावाला शोभेल असाच ताठ चालू लागलो.

पशुप्रदर्शनात मी पहिला आलो आणि गावाचं डोकंच फिरलं. जो तो गाय फळवायला माझ्याकडेच आणू लागला. सरदार असताना दुसरे गोऱ्हे कशाला राखायचे, म्हणून लोकांनी आपापले सगळे गोऱ्हे खच्ची करून औताला जुंपले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट छाती फुगायची. शंभर गाई आणि मी एकटा!

पुंजारामची मुलगी अपेक्षा अमरावतीला संख्याशास्त्र शिकते. यंदा तिची सोयरीक जमत आली होती, पण दोन्हीकडचं कूळ एकच निघालं. पुंजारामने पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवलं. आणि त्याच दुपारी चांदणी गाय माझ्यापुढे आणून उभी केली.

अपेक्षा गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. "बाबा, हे काय करून राहिले तुमी? चांदणी सरदारचीच लेक आहे ना?"

"मंग? जनावराले कुठलं कूळ आलं?"

"रक्त तं आहे ना! पार्वताकाकूच्या गाईले आंधळं वासरू काहून झालं? ती गायबी याचीच लेक."

"देवाची मर्जी."

"देवाले कायले मधात आणता? गावात गाई शंभर, सांड एक. चार गुणिले शंभर गुणिले एक, भागिले एकशे एक. पिढी चालवाच्या हिशेबात आपला कळप चारच्याबी खाली येते."

"शंभर गाईचे चार कसे व्हतीन?"

"सगळ्या वासरायचं अर्धं रक्त याचंच हाय. गाई हजार करा, आकडा चारच्या वर जात नाही. अन् बाप-लेकीच्या वासराले दोन्हीकडून रक्ताचा एकच वाटा डबल येवाचा चान्स रुपयात चार आणे. त्या वाट्यात खोट असली का मंग तसं आंधळं वासरू होते."

ते वासरू मी पाहिलं होतं. आईचं आचळ सोडून ते भिंत चाटत होतं. शेजारची पार्वताबाई त्याचं तोंड पुन्हा पुन्हा आचळाकडे वळवत होती. तेव्हा मला त्याची कीव आली होती. ते माझंच होतं आणि माझ्या मुलीचंही, हे आता कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांदणीकडे मला बघवेना. एवढी वर्षं ज्याचा मी तोरा मिरवला, ते हे होतं!

पुंजारामने माझ्या वशिंडावरून हात फिरवला. मग चांदणीचं दावं धरून तिला परत घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात त्याने अकोटकडच्या भगवंतरावांशी वळूंची अदलाबदल केली. त्यांचा वळू आमच्या गावी गेला आणि मी गाडीत चढलो. निरोप द्यायला गाव जमलं होतं, पण मी मान वर केली नाही.

इथे माझं खूप कौतुक झालं. काल भगवंतरावांनी पहिली कालवड माझ्यापुढे आणली. "वरूडकडून आणली हो," ते लोकांना सांगत होते, "आपल्या सरदारच्याच मुलुखातली!"

कालवड माझी असेल, नसेलही. मी तिला हुंगलं, पण त्यावरून काय कळणार? मी सरळ खाली बसलो. भगवंतरावांनी तुतारीच्या टोकदार काठीने टोचून पाहिलं, तरी उठलो नाही. लोक पोट धरून हसले. "नुसता दिसाले सरदार!" कुणीतरी म्हणालं. हसू देत.

आज ते तिला पुन्हा आणणार आहेत. मी किती दिवस असा बसून राहू? बाबांनो, आम्हाला आमची नाती सांगता येत नाहीत. गाय माझ्यापुढे आणण्याआधी तुम्हीच तेवढं विचारा, हिचा बाप कोण?