रेझिनच्या डब्यावर

सायमा कांगासची गाडी गॅरेजबाहेर काढून जावयाने तिथे होडी मांडली, त्याला पाच महिने होत आले होते. सगळा हिवाळा गाडी बर्फात उभी होती. रोज सकाळी तिची काच खरवडताना सायमा गॅरेजच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणायची, "लोखंड बाहेर गारठतंय आणि लाकूड आत शेकतंय! अक्कल वाटायला आली तेव्हा झुपानांच्या घराला कुलूप असणार."

आत व्हिन्स झुपान रेडिओचा आवाज वाढवायचा.

खाण बंद पडली तसा तो बायकोला, म्हणजे सायमाच्या आयलाला, घेऊन सासूच्या घरी राहायला आला होता. आयुष्यात त्याने पाखरांसाठी लाकडी खोकंसुद्धा ठोकलं नव्हतं. आणि एकदम सतरा फुटी कनू, वल्हवायची निमुळती होडी! वाचनालयातून पुस्तक आणलं, प्लायवूडचे साचे कापले, सीडरच्या लाकडाच्या बोटभर रुंद पट्ट्या त्यांच्यावर वाकवून एकीला एक चिकटवत गेला. साच्यांच्या कडांना टेप लावायची असते, ते पान त्याने उलटलंच नाही. गोंद साच्यांनाही धरला. पहिल्या चार पट्ट्या सुरीने सोडवण्यात दोन दिवस गेले.

"होडी करतोयस की साच्यांचं लग्न लावतोयस?" सायमाने विचारलं होतं.

"सासूबाई, तुमचं स्वयंपाकघर तिकडे आहे."

"गॅरेजही माझंच आहे. छत माझ्या नवऱ्याने घातलंय. तू फक्त खालचा भुसा घातलायस."

शाळा तिने सहावीत सोडली होती. पुढे चौदा वर्षं लाकूडतोड्यांच्या तळावर चाळीस माणसांना रांधून घातलं. कुणाला भ्यायची सवय तिला तिथे लागली नाही, गोड बोलायचीही नाही.

मे महिन्यात डलुथ शहरातून पत्र आलं. बंदरावर धान्याच्या कोठारात व्हिन्सला काम मिळत होतं, जून संपायच्या आत हो-नाही कळवायचं होतं. आयलाने भांडी पुसता पुसता आईला सांगितलं, "तळ्यावरच्या रिसॉर्टवाल्याला दोन होड्या हव्यात. ही पाहून ठरवतो म्हणाला. ही नीट झाली तर व्हिन्स इथेच धंदा मांडेल. बिघडली तर आम्ही डलुथला जाऊ."

"जा की. दार कुणी अडवलंय?"

एवढं बोलून सायमा बटाट्यांच्या तळघरात गेली. मे महिन्यात तिथे निवडायला काही उरलेलं नसतं. तरी ती तासभर खाली बसून होती. नवरा गेला, मुलगा गेला. उरली ही एक आयला. आणि तिचं राहणं-जाणं कशावर टांगलेलं, तर त्या गाढवाच्या होडीवर.

त्या दिवसापासून ती गॅरेजमध्ये जास्तच फिरकू लागली. नावं ठेवायचं थांबली नाही, पण डोळा होडीवर ठेवला. खरं म्हणजे काम वाईट नव्हतं. पट्ट्या धरून ठेवणाऱ्या स्टेपलच्या पिना निघाल्या, रंधा फिरला, पॉलिश पेपर फिरला, आणि पट्ट्यांचा लालसर-पिवळा देह असा उतरला की हात फिरवावासा वाटे. सायमाने तो कधी फिरवला नाही. निदान कुणी बघत असताना नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठला ती गॅरेजमध्ये आली, तर होडीवर फायबरग्लासचं, काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड अंथरलेलं. व्हिन्स रेझिनच्या मोठ्या डब्याचं झाकण काढून ते कापड लाकडाला चिकटवायला कपभर रेझिन कालवत होता. वर पत्र्यावर ऊन चढायला लागलं होतं. पत्रा टकटक वाजत होता.

"आत्ता लावणार?" सायमा म्हणाली.

"नाही, नाताळात."

"ऊन चढतंय, मूर्खा. लाकूड तापलं की आतली हवा बाहेर टाकतं. सगळ्या कापडाखाली फोड उठतील. संध्याकाळी लाव, उतरत्या उन्हात."

"पुस्तकात लिहिलंय, उबदार हवा लागते."

"पुस्तकाने कधी सौनात बसून वाफ घेतलीय का? लग्नाच्या वर्षी मी भर सकाळी सौनाच्या बाकांना वार्निश लावलं होतं. दुपारपर्यंत बाकांना देवी आल्या!"

"ते वार्निश होतं. हे इपॉक्सी रेझिन आहे. यात रसायनशास्त्र असतं, सासूबाई."

"तुझ्या डोक्यात भुसा असतो."

तिथेच चुकलं. हे तिलाही कळलं. त्याऐवजी, बाळा, माझं एवढं ऐक, असं म्हटलं असतं तर कदाचित त्याने हात आवरला असता. पण ते शब्द तिच्या तोंडात कधी शिजलेच नव्हते. व्हिन्सने ओठ घट्ट मिटले आणि ब्रश उचलला.

सायमा पुढे झाली, डब्याचं झाकण ठोकून बसवलं आणि स्वतः वर बसली.

"उठा."

"नाही."

"माझा डबा आहे!"

"माझं बूड आहे."

"डब्यासकट उचलून बाहेर ठेवीन!"

"ठेव. पाठ मोडली तर आयला दोघांचंही करील, तिला सवय आहे."

व्हिन्सने कालवलेला कप आपटला. त्यातलं रेझिन फुकट जाणार म्हणून असेल, किंवा तिला खोटं पाडायला असेल, बाकावरच्या उरलेल्या पट्ट्यांच्या एका तुकड्यावर त्याने ते फासलं, वर कापडाची चिंधी दाबली आणि तुकडा खिडकीच्या उन्हात ठेवला. मग तो बाहेर गेला आणि गाडीच्या चाकाला लाथ मारली. चाक सायमाचं होतं.

आयला दोनदा आली. पहिल्यांदा ओरडली. दुसऱ्यांदा कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आली. सायमाने पाव खाल्ला. कॉफीला हात लावला नाही, कारण मग उठावं लागलं असतं.

"आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सायमा बसलीय. उभी असते तेव्हाही म्हणतातच."

दुपारी व्हिन्स आत आला आणि खिडकीतला तुकडा उचलून पाहू लागला. चिंधीखाली बारीक पांढरे बुडबुडे उठले होते, उतू जाणाऱ्या दुधासारखे. त्याने पाहिलं. डब्यावरून सायमानेही पाहिलं. त्याने तुकडा कचऱ्याच्या पिंपात टाकला, आणि त्या आवाजात जेवढी शिवी होती तेवढी तोंडाने देता आली नसती.

सायमाच्या जिभेवर बरंच काही आलं. या वेळी, एकदाच, तिने ते गिळलं. तिला वाटलं, एवढं गप्प राहणं पुरे.

साडेपाचला पत्रा निवला. भिंतीवरच्या तापमापकातला पारा खाली सरकू लागला. सायमा गुडघे धरून उठली. "लाव आता," म्हणाली, आणि लंगडत घरात गेली.

व्हिन्सने उजेड असेपर्यंत काम केलं, आणि जूनमध्ये आमच्याकडे उजेड दहापर्यंत हटत नाही. सकाळी कापड कुठे आहे ते शोधावं लागलं, इतकं ते पारदर्शक झालं होतं. आतून सीडर मधासारखं दिसत होतं. एक बुडबुडा नाही. आठवड्याने, आतली बाजूही तशाच संध्याकाळी उरकल्यावर, रिसॉर्टवाला आला, होडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "दोन नको. तीन कर."

त्या रात्री जेवताना सायमा वाट पाहत होती. आभारांची नाही, आभार तिला पचले नसते. फक्त एवढंच कानावर पडायला हवं होतं, की आम्ही राहतोय.

व्हिन्सने काटा खाली ठेवला. "डलुथला हो कळवलंय. तिथे कोठाराशेजारी एक शेड भाड्याने मिळतेय. तिन्ही होड्या तिथेच करीन."

"आणि इथलं गॅरेज?"

"ज्या गॅरेजमध्ये कुणीतरी माझ्या डब्यावर बसतं, तिथे मी काम करणार नाही."

"मी बसले नसते तर होडी..."

"ठाऊक आहे!" तो ओरडला. "ठाऊक आहे मला! त्याचसाठी!"

सायमाने मुलीकडे पाहिलं. आयला ताटातला उकडलेला बटाटा सोलत होती, फार सावकाश.

"तू बरोबर होतीस, आई," ती म्हणाली. "नेहमीच असतेस. म्हणून राहता येत नाही."

"मग काय चुकायला हवं होतं मी?"

सायमाने बशा उचलल्या.

शनिवारी त्यांनी होडी आपल्या गाडीच्या टपावर बांधली. सायमा पायरीवर उभी राहून बघत होती. तिला निरोप देता येत नव्हता, आणि येत असता तरी तिने दिला नसता. गाडी फाटकाबाहेर पडता पडता तिला दिसलं, पुढचा दोर ढिला आहे.

"दोर ढिला आहे!" ती ओरडली. "अरे ए भुसकट! पुढचा दोर!"

व्हिन्सने काच वर केली. गाडी वळणापर्यंत गेली, मागचे लाल दिवे लागले. आयला उतरली, टाचा उंचावून दोर ओढला, गाठ मारली. एकदाही मागे न बघता ती गाडीत बसली.

"नीट आवळ!" सायमाने पुन्हा हाक दिली, पण तोवर रस्ता रिकामा झाला होता.