विहीणबाईंचा कोट

“कोंसीगु,” शिंपीमास्तर आरशात बघून म्हणाले. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे शब्द जरा चपटा झाला. टाचण्या काढून त्यांनी पुन्हा म्हटलं. कोंसीगु. मला जमतं.

हे पोर्तुगीज त्यांना लेक फोनवरून शिकवायची. लग्न करून ती समुद्रापलीकडे गेली होती आणि तिच्या सासूबाईंना दुसरी भाषा येत नव्हती. या विहीणबाईंनी आपल्या गेलेल्या नवऱ्याचा कोट पार्सलने पाठवला होता. मास्तरांनी तो विहीणबाईंच्या मापाचा करून द्यायचा होता. हिवाळ्यात त्यांना तो घालायचा होता.

कोट दुकानात हँगरवर लटकत होता. दुपारी पंख्याच्या वाऱ्याने बाही हलायची आणि मास्तरांना डुलकीत वाटायचं, व्याही आत आलेत, कुणी बसा म्हणायची वाट बघताहेत. डावा खांदा किंचित उतरता. त्या हातात कायम पिशवी असणार. एकदा उसवला की तो खांदा गेलाच. मास्तर कात्री उचलायचे आणि दुसऱ्याच कुणाची तरी पँट आखूड करायला घ्यायचे.

रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. विहीणबाई विचारायच्या, “कोंसेगे?” जमेल?

“कोंसीगु,” मास्तर छाती फुगवून सांगायचे. “आमान्या.” म्हणजे उद्या. हा शब्द मात्र त्यांना एका दमात आला होता. सगळी हयात गिऱ्हाइकांना उद्यावर ढकलण्यात गेलेली. कापडाची घडी मोडलेली नसतानाही ‘मशीनवरच आहे’ म्हणायला सोकावलेली जीभ ती. विहीणबाई हसायच्या. मास्तरांची बायको मात्र कधी हसली नव्हती. तिचा एक ब्लाउज अजून कपाटात होता, कच्च्या टाक्यांवर. घरचंच माणूस, थांबेल, म्हणून तो मागे पडत गेला. ती गेली तेव्हा त्याला बाह्या लावायच्या राहिल्या होत्या.

त्या रविवारी विहीणबाई हसल्या नाहीत. गळ्याशी शाल धरून, सुनेकडून शिकलेलं मराठी जुळवत म्हणाल्या, “थंडी आली. उद्या... किती उद्या?”

मास्तरांची नजर हँगरवरच्या कोटाकडे गेली.

“बाबा, जमत नसेल तर तसं सांगा ना,” लेक म्हणाली. “त्या कोट परत मागवतील.”

“जमतंय गं. पण तो खांदा त्यांच्या माणसाचा आहे. उसवला की पुन्हा तसा नाही व्हायचा. त्यांना सांग.”

लेकीने सांगितलं. विहीणबाई हळू बोलल्या.

“त्या म्हणतात, तो खांदा मला पाठ आहे. मला ऊब हवी.”

मास्तरांनी फोन रिळांच्या डब्याला टेकवून ठेवला. कोट खाली घेतला, टेबलावर पसरला.

“आजला काय म्हणतात गं तुमच्यात?”

“ओज. मी शिकवलं नव्हतं?”

“मी कुठे विचारलं होतं.”

कात्रीचं टोक त्यांनी डाव्या खांद्याच्या शिवणीत घातलं. “ओज,” ते विहीणबाईंना म्हणाले आणि पहिला टाका तोडला. विहीणबाई बघत होत्या. त्यांचा हात आपल्याच खांद्यावर गेला आणि सगळी शिवण सुटेपर्यंत तिथेच राहिला.