हिनेसाचा पहारेकरी

माद्रिदमध्ये नवं नाटक चोरायला कागद लागत नसे, कान पुरत. तीनदा ऐकलं की अख्खं नाटक घडाघडा म्हणून दाखवणारे महाभाग गावात होते, आणि त्यांनी म्हटलेलं नाटक आठवड्याभरात दुसऱ्याच मंडळीच्या रंगमंचावर उभं राही. म्हणूनच नाटक कंपनीची मालकीण हिनेसा ओरोस्को हिला जेवण जाईना. एका भोळ्या सरदाराला त्याचा लाडका कारभारी कसा लुबाडतो, हे दाखवणाऱ्या नव्या नाटकात कंपनीने होतं नव्हतं ते ओतलं होतं. ते हातचं गेलं तर नट वाट फुटेल तिकडे पांगणार होते.

खेळाच्या पहिल्याच दुपारी नाटकगृहाच्या उघड्या अंगणातल्या गर्दीत तिला मेल्चोर नावाचे एक आजोबा दिसले. गळ्यात जपमाळ, हातात रुमाल. रंगमंचावर सरदाराने कारभाऱ्याला मिठी मारली आणि इकडे आजोबा ढसाढसा रडले. हिनेसा विरघळलीच. नाटकाला रडणारा माणूस खोटा असूच शकत नाही, असं तिचं ठाम मत होतं. दुसऱ्या दुपारी तिने त्यांना रंगमंचाला खेटून खुर्ची दिली, वर बदामाची मिठाई.

"आजोबा, एक काम कराल? चोर इथेच कुठेतरी आहे. ज्याचे ओठ हलतील त्याच्यावर डोळा ठेवा."

"अगं पोरी, या वयात दुसरं काय करायचंय मला?"

"इथून नीट ऐकू येतंय ना?"

"शब्द न् शब्द!"

तिसऱ्या दुपारी आजोबांनी बोट दाखवलं ते जोडे शिवणाऱ्या बेर्मूदोकडे. उभ्याने नाटक पाहणाऱ्यांचा हा पुढारी. त्याने शिट्टी मारली की नाटक बुडालंच म्हणून समजा.

"हलताहेत बघ ओठ," आजोबा कुजबुजले.

"बाई, मी अक्रोड खातोय!" बेर्मूदो ओरडला. "मग काय नाकाने खाऊ?"

हिनेसाने ऐकलं नाही. दोन धटिंगणांनी त्याला उचलून बाहेर टाकलं. पाठोपाठ सगळं अंगण निघून गेलं, जाताजाता काकड्यांचा मारा करून. सरदाराच्या दाढीत बिया अडकल्या.

"जाऊ देत मेले," हिनेसा म्हणाली. "नाटक तर वाचलं!"

रिकाम्या अंगणात आजोबा तेवढे शेवटच्या ओळीपर्यंत बसले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

पुढच्या गुरुवारी पलीकडच्या गल्लीतल्या नाटकगृहावर तिच्याच नाटकाची पाटी लागली. हिनेसा शाल ओढून बायकांच्या सज्जात जाऊन बसली. खाली मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्याच्या कडेला आजोबा उभे होते, कोरड्या डोळ्यांनी, अडलेल्या नटाला पुढचा शब्द सांगत. हिनेसाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ओरडून सांगायचं तरी काय, की यांना मीच जवळ बसवलं म्हणून?

रंगमंचावर सरदाराने तिजोरीच्या किल्ल्या कारभाऱ्याच्या हाती ठेवल्या. शेजारची जाडी बाई फिस्कन हसली.

"काहीतरीच बाई! इतकं खुळं असतं का कुणी? लिहिणाऱ्याला माणसंच कळत नाहीत."

चोरी एक वेळ गिळली असती, पण तिच्या नाटकाला नावं? हिनेसा ताडकन उठली.

"असतं!" ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की खाली नट थांबले. "शपथेवर सांगते, असतं!"

शेजारणीने तिला हात धरून खाली बसवलं. "तुमच्या ओळखीतलं आहे का हो कुणी?"

"अगदी जवळचं," हिनेसा म्हणाली, आणि त्या नाटकाला ती पहिल्यांदाच रडली.