पिल्लांची ऊब

यातलं एक अक्षर खोटं निघालं तर माझी जीभ इथंच गळून पडो! भर चावडीत उभी राहून सांगीन. चौऱ्यांशीच्या थंडीत केसरबाई आरमोरीहून कोंबडीच्या पिल्लांचं खोकं मांडीवर घेऊन यष्टीत बसली, तेव्हा आतल्या पंचवीस पिल्लांनी असा कालवा केला की कंडक्टरची घंटी डायवरला ऐकूच गेली नाही. गाडी गावाचा फाटा सोडून दोन कोस पुढं गेली. केसरबाई खोकं डोक्यावर घेऊन, गाडीला शिव्या देत मागं चालत आली.

पिल्लं कमरुद्दीनभाईकडची. आरमोरीत त्याचा अंड्या-कोंबड्यांचा धंदा. त्यानं बजावलं होतं, "बाई, जागा गोल करजा. कोपरा राह्यला का हे एकमेकावर चढते अन् दबून मरते. अन् पयले आठ दिवस ऊब पाह्यजे."

घरामागच्या बाळंतिणीच्या खोलीत केसरबाईनं बांबूचा तट्टा गोल उभा केला. खाली धानाचं तूस अंथरलं, त्यावर कागद. वर्षभर त्या खोलीत कोणी निजलं नव्हतं. मुखरू, तिचा मुलगा, दारातूनच पाहत होता.

"कंदील टांगू का, माय?"

"कंदिलानं का होते रे? तुले मी कंदिलानं शेकलं होतं काय?"

तिनं कोळसे फुलवले, मधोमध शेगडी ठेवून भोवती विटा लावल्या. मुंगसाच्या भेवानं खिडकीत पोतं कोंबलं, दाराच्या फटीत चिंध्या. जरा वेळानं पिल्लं गप झाली.

"पाय, कशी निजली लेकरं," ती म्हणाली.

सकाळी दार उघडलं तर कालवा नाही. पंचवीसही पिल्लं तुसावर पसरली होती. एकही दुसऱ्यावर चढलेलं नव्हतं. केसरबाईनं एकेक उचलून कानाशी धरलं, परत होतं तिथं ठेवलं.

मुखरूनं सायकलवर जाऊन कमरुद्दीनभाईला आणलं. तो अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच केसरबाई कडाडली.

"मेलेलेच पिल्लं देल्ले ना मले?"

"मेलेले पिल्लं गाडी फाट्यापुढं नेते काय, बाई?"

तो आत गेला. खिडकीतलं पोतं ओढून काढलं अन् उजेडात उभा राहिला.

"दार-खिडकी लावून कोळसे ठेवले? कोळशाची हवा दिसत नाई, तिचा वास नाई. बंद खोलीत जे निजते, ते उठत नाई."

"अन् एखांदं उठलं तं?"

"तं डोकं फुटते त्याचं. ओकत राह्यते दिवसभर."

केसरबाई उंबरठ्यावर बसली.

मागच्या थंडीत खिडकीत असंच पोतं होतं, अन् शेगडी बाजेखाली. अकरा दिवसांचा नातू सकाळी थंड लागला. गाल मात्र लाल, जित्यासारखे. सून सोमारी डोकं धरून दुपारपर्यंत ओकत होती. "मेल्यासारखी निजली अन् पोर अंगाखाली घेतलं इनं," असं केसरबाई अंगणात उभी राहून ओरडली होती. सारं गाव ऐकत होतं. तिसऱ्या दिवशी सोमारीचा भाऊ तिला माहेरी, मूल गावाला घेऊन गेला. तेव्हापासून मुखरू घरात कामापुरतंच बोलायचा.

"माय, शेगडी उचलू?" त्यानं विचारलं. तो पाहत होता शेगडीकडंच.

"राहू दे."

तिनं धुतलेलं लुगडं नेसलं अन् मूलची गाडी धरली.

सोमारी राइस मिलच्या आवारात पोत्यात तूस भरत होती. आजूबाजूला दहा-बारा बाया. सासूला पाहून तिचे हात थांबले.

"तू नाई मारलं त्याले," केसरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "माह्या शेगडीनं मारलं."

सोमारीनं घमेलं खाली ठेवलं, पदरानं तोंडावरचं तूस पुसलं, अन् तिच्या मागं निघाली.

झालं. आता जीभ गळायच्या आधी सांगून टाकते, मिलमधलं ते बोलणं माझ्या पदरचं आहे. केसरबाई तिथं एवढंच म्हणाली होती, "चाल घरी. झालं गेलं, मी माफ केलं तुले."

अन् सोमारी तिच्या मागं निघाली. ते तसंच घडलं.