ताईचे नायक आणि भावोजींची स्मृती

माझी थोरली बहीण प्रेमकादंबऱ्या लिहिते आणि त्यांतली आजारपणं माझ्याकडून फुकट घेते. मी गल्लीतला साधा डॉक्टर. सर्दी, पोट, पाठ यातच माझी हयात चाललीय. पण ताईचा फोन आला की मला असा ताप शोधावा लागतो, जो भिजल्याबरोबर नायिकेला चढेल, नायकाने कपाळावर हात ठेवताच उतरेल आणि मधल्या काळात तिचं नाक वाहणार नाही.

"तापात नाक वाहतं, ताई."

"माझ्या नायिकांचं वाहत नाही," ताई ठणकावते.

पुस्तकं मात्र धो धो खपतात. माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बायका तीच वाचत बसतात आणि नंबर आला तरी उठत नाहीत. प्रत्येक पुस्तकात लिफ्ट बंद पडते आणि आत नेमके भांडलेले दोघंच असतात. प्रत्येक पुस्तकात नायिकेबरोबर दिसलेला देखणा तरुण शेवटी तिचा सख्खा भाऊ निघतो. हा कोण, असं नायक तिला सरळ विचारत नाही, कारण विचारलं तर कादंबरी विसाव्या पानावरच आटोपेल. आणि ताईचा हुकमी एक्का म्हणजे स्मृती जाणं. नायकाच्या डोक्याला मार लागतो, तोही केसांच्या आत, चेहऱ्याला धक्का न लावता. तो नायिकेला साफ विसरतो. मग जुनं गाणं, नाहीतर डोक्यावर दुसरा फटका, की स्मृती परत हजर! असं काही होत नसतं हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

भावोजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, नळ आणि पाइपांचं दुकान आहे. माणूस अबोल. "माझ्या नायकांचं एक तरी वाक्य ह्यांच्या तोंडून यावं!" ताई चारचौघांत म्हणायची. "लाकूड पोसलंय मी घरात." भावोजी नुसते हसायचे. मलाही वाटायचं, बिचारा बायकोला घाबरतो.

त्या दुपारी मी एका आजोबांचं ब्लडप्रेशर बघत होतो. फोन वाजला.

"अरे, ह्यांची स्मृती गेली!"

"कितव्या प्रकरणात?" मी विचारलं.

"काय कितव्या प्रकरणात?"

"शेवटून दुसऱ्यात परत आण," म्हणालो आणि फोन ठेवून दिला. तिच्या नायिकाही नायकाला 'हे' असंच म्हणतात, त्यात माझं काय चुकलं?

फोन पुन्हा वाजला. या वेळी शब्दच नाहीत, फक्त नाक ओढल्याचा आवाज, चांगला ओला. ताईच्या कादंबरीत असं कोणी नाक ओढत नाही. आजोबांच्या दंडाला पट्टा तसाच ठेवून मी पळालो.

भावोजी पलंगावर व्यवस्थित बसले होते. ताईच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचे गठ्ठे माळ्यावर चढवून ते खाली उतरले होते आणि तेव्हापासून विचारत होते, आज वार कोणता, हे गठ्ठे कोणी आणले? उत्तर दिलं की मान डोलवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यांच्या मागे ताई उभी होती. आपली सगळ्यांत जाड कादंबरी तिने दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली होती.

"ताई! खाली ठेव ते!"

"अरे, दुसरा फटका..."

"पहिला कुठे बसलाय?" मी ओरडलो.

तिने पुस्तक खाली ठेवलं. मग एवढ्याशा आवाजात म्हणाली, "हे मला विसरणार नाहीत ना रे?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझं उत्तर ऐकायला थांबली होती. मी हात, पाय, चेहरा तपासला आणि त्यांना तडक मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

स्कॅन साफ आला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जोर लावून काही उचललं की क्वचित असं होतं, नवं काही मनात टिकत नाही, बहुतेक काही तासांत उतरतं.

"आणि नाही उतरलं तर?" ताईने विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या. आम्ही डॉक्टर 'बघू' कधी म्हणतो ते ताईला माझ्यामुळे पक्कं ठाऊक आहे. तिचा चेहराच उतरला.

वॉर्डातली नर्स तिची वाचक निघाली. "मॅडम, जुनं गाणं म्हणा ना!" तिने सुचवलं, आणि ताई खरोखरच गायला लागली. आमच्या घरात कुणाला सूर नाही. भावोजींनी शांतपणे पूर्ण गाणं ऐकलं आणि ते कुजबुजले, "झालं का तुझं लिहून?"

"अहो, मी गात होते! आपण पहिल्यांदा भेटलो ते तरी आठवतंय का?"

"आठवतंय की," ते पुन्हा कुजबुजले. "तुमच्या मोरीतला नळ गळत होता. झालं का तुझं लिहून?"

नर्सची ट्रॉली करकरली. भावोजींनी ओठांवर बोट ठेवलं. "जरा हळू हो, ती लिहितेय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भावोजींचा आवाज अशक्तपणामुळे बसलाय असं मी समजत होतो. अशक्तपणा कसला! त्यांच्या लेखी अजून घरातली दुपार चालू होती. ताई लिहीत असली की या माणसाला मी खुर्ची न ओढता उचलून ठेवताना पाहिलं होतं, खोकला आला की गॅलरीत जाताना पाहिलं होतं आणि मनातल्या मनात हसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

मी ताईला हे सांगितलं.

"मी दुपारी लिहिते," ती म्हणाली. "संध्याकाळी लिहिते. जेवण झालं की पुन्हा लिहिते. अरे, मग हे बोलणार कधी?"

"झालं का तुझं लिहून?" भावोजींनी विचारलं.

ताई त्यांच्या पलंगावर बसली. "झालं. सगळं झालं. आता मोठ्याने बोला."

त्यांनी घसा खाकरला आणि ते पलीकडच्या वॉर्डात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, तुला सांगायचं राहूनच जातंय. दुकानात एक गिऱ्हाईक आलं. म्हणे, हा नवा नळ परत घ्या. मी म्हटलं, का हो? तर म्हणे..." इथे धागा तुटला. ते गोंधळून इकडेतिकडे बघू लागले, मग हळूच म्हणाले, "झालं का तुझं लिहून?"

"झालं. बोला."

आणि पुन्हा ते गिऱ्हाईक आलं. ते किती वेळा आलं ते मी मोजलं नाही. ताई दर वेळी "मग?" म्हणत होती आणि दर वेळी तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दिवेलागणीला भावोजींनी विचारलं, "आपण हॉस्पिटलात का?" मी सांगितलं. त्यानंतर त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही. ताईने माझा हात घट्ट दाबला.

"तुझं आजचं लिहायचं राहिलं," ते आवाज खाली आणून म्हणाले.

"राहू दे. तो माणूस नळ परत का देत होता?"

भावोजी चकित झाले. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगा."

"अगं, तो नळ गळत नाही म्हणून! टपटप ऐकल्याशिवाय त्याला झोपच लागेना." आणि ते स्वतःच खो खो हसत सुटले. मी त्यांना असं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

गोष्ट एवढीच होती. पण ताई ती संपू देईना. त्याची बायको काय म्हणाली, तुम्ही नळ परत घेतलात का, तो पुन्हा आला का, एकामागून एक विचारत राहिली.