सीटला हात लावायचा नाही

संगिताच्या चपलांचं आधी सांगायला हवं, कारण झरीपासून उधव्यापर्यंत लोक तिला चपलांवरूनच ओळखायचे. साध्या काळ्या रबरी चपला, पण तळाला ट्रकच्या टायरचे दोन थर ठोकलेले. तलासरीच्या नाक्यावर चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याने "कशाला गं एवढं?" असं तीनदा विचारून त्या करून दिल्या होत्या. ती चालायला लागली की धप्प धप्प आवाज यायचा आणि पाड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसोत बापड्या. हसणाऱ्यांपैकी एकीनेही कधी दीडशे किलोची मोटारसायकल उतारावर एकटीने पेलून पाहिली नव्हती.

मोटारसायकल म्हणजे पिवळी करिझ्मा, जुनी. तिच्या नवऱ्याने, नविनने, ती डहाणूच्या एका वाडीवाल्याच्या पोराकडून घेतली होती. नविन उंच, घरात शिरताना दरवाजाला डोकं आपटणारा. त्या गाडीवर तो बसला की दोघं एकमेकांसाठीच घडवलेत असं वाटायचं. चालवायला त्यानेच तिला शिकवलं होतं, गावाबाहेरच्या माळावर, मागे बसून, तिच्या हातांवर हात ठेवून. वेग घ्यायचा तिने, वळवायची तिने. थांबायची वेळ आली की पाय मात्र तो टेकायचा, कारण तिचे पोचतच नव्हते.

२०१४ साली भाताची झोडणी आटोपली आणि नविन सुरतेला साड्यांच्या कारखान्यात गेला. "दोन महिन्यांत येतो, मग गाडी घेऊन जाईन. तोवर सांभाळ," म्हणाला. संगिताने गाडीवर निळं प्लास्टिक घातलं. दोन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन. शिमग्याला यायचा, दिवाळीला यायचा, मग नुसता शिमग्याला. फोन मात्र करायचा. पोरबाळ नव्हतं, त्यामुळे फोनवर बोलायलाही फार काही नसायचं. जेवलीस का, जेवले, पाऊस आहे का, आहे.

पोटासाठी ती सुकी मासळी विकायची. चिंचणीहून बोंबील, जवळा, सुकट आणायचं आणि तलासरीकडच्या पाड्यांत फिरून विकायचं. येणं-जाणं एसटीने. पण एसटीत बोंबलाची टोपली चढली की सगळी गाडी नाकाला रुमाल लावायची. गंमत म्हणजे रुमाल लावणाऱ्यांतले निम्मे घरी जाऊन तेच बोंबील भाजून खायचे. एकदा कंडक्टरने तिला भर रस्त्यात, वाघाडीच्या पुढे उतरवलं. टोपली डोक्यावर घेऊन ती दोन तास चालली, आणि घरी आल्यावर तिने निळं प्लास्टिक काढलं.

गाडी कुठली चालू होतेय! दोन पावसाळ्यांत टाकी आतून गंजली होती, कार्बोरेटर चिकटला होता, चेन दोरीसारखी ताठ झाली होती. पुढच्या दिव्याभोवतीच्या मास्कमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. टेम्पोत घालून तिने ती तलासरीच्या लडक्या मिस्त्रीकडे नेली. लडक्या साठीचा, तोंडाने फटकळ, हाताने सोनं. "बाय, हिचा माल आता मिळत नाय. शोधून आण, मी बसवतो," म्हणाला.

मग संगिता शोधत फिरली. वापीच्या भंगार बाजारात तर तिचं येणं इतकं झालं, की एक भाई तिला लांबूनच बघून मान हलवायचा. "बेन, जूनुं मॉडेल छे. आनो माल हवे नथी आवतो." माल येत नाही म्हणे! त्याच्याच दुकानाच्या मागे, जळक्या वायरींच्या ढिगाखाली तिला कार्बोरेटर सापडला. चेनकीट दुसऱ्याच गाडीचं घेतलं, लडक्याने छिद्रं वाढवून ते बसवलं. डावा आरसा स्कूटरचा. फुटलेला मास्क तिने तांब्याच्या तारेने स्वतः शिवला, गोधडीला टाके घालतात तसा. चार महिने गेले, पण गाडी एकदाची धडधडली. ऐकून ती इतकी खूश झाली, की लगेच नविनला फोन लावला. त्याने उचलला नाही.

आता राहिले पाय. लडक्याने बघितलं आणि एका वाक्यात निकाल लावला. "सीट कापू. आतला फोम चार बोटं काढला आणि मागे बुटके शॉकअप घातले, का दोन्ही पाय जमिनीवर. अर्ध्या तासाचं काम."

"सीटला हात लावायचा नाय," संगिता म्हणाली.

"का?"

"तो आला का बसंल कसा? गुडघे हँडलला लागतील त्याचे."

लडक्याने तिच्याकडे बघितलं. काहीतरी फटकळ त्याच्या जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं. बोंबलांसाठी मागे लोखंडी कॅरिअर हवं होतं, तेही तिने वेल्डिंगने लावू दिलं नाही. बोल्टवर ठेवा म्हणाली, दहा मिनिटांत निघालं पाहिजे. गाडीवर जे काही करायचं ते परत काढता येईल असंच करायचं, हा तिचा हट्ट. गाडी बदलायची नाही म्हटल्यावर बदलायला ती स्वतःच उरली. म्हणून त्या चपला.

दोन वर्षं ती अशी फिरली. शनिवारी पहाटे निघायचं, चिंचणीला माल भरायचा, आठवडाभर पाडे करायचे. पिवळी स्पोर्ट्स गाडी, तिच्यावर पदर खोचलेली ठेंगणी बाई, मागे बोंबलांचं पोतं. रस्त्यावर बघे कमी नव्हते. जो तो विचारायचा, "कुणाची गाडी?" ती म्हणायची, "नविनची." हे नाव दिवसातून चारदा मोठ्याने घ्यायला मिळायचं, ते तिला आवडायचं. घरात ते घ्यायला कारणच नव्हतं.

एका पावसाळ्यात रेल्वेच्या फाटकापाशी तिची चप्पल खडीवर सरकली आणि गाडी आडवी झाली. जवळा चिखलात सांडला. गाडी तिच्याने उचलेना. लोक बाजूने जात होते, हॉर्न वाजवत होते, आणि ती पोत्याशेजारी बसून होती. बऱ्याच वेळाने दोन रिक्षावाल्यांनी हात लावला. त्या दिवशी घरी येऊन तिला कुणालातरी हे सांगावंसं इतकं वाटलं, की तिने चुलीपुढे बसून आपल्या आपल्याशीच मोठ्याने सांगितलं. लडक्याला कळलं तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "सीट काप बाय." ती म्हणाली, "नाय."

२०१९ च्या शिमग्याआधी नविनचा फोन आला, येतोय म्हणून. आधीचं वर्ष तो आलाच नव्हता. संगिताने कॅरिअरचे बोल्ट काढले. गाडी साबणाने धुतली, मग लिंबाने घासली, मग पुन्हा साबणाने. वास जाता जात नव्हता. टाकी पुसून तिने गाडी अंगणात, वाटेवरून दिसेल अशी उभी केली.

तो आला, होळीला नाचला, कोंबडी खाल्ली. गाडीवरून त्याची नजर दोनदा गेली, पण थांबली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पेटीतून आपलं आधार कार्ड आणि शाळेचा दाखला काढून खिशात घातला. मग ओट्यावर चहा पिताना त्याचं लक्ष तिच्या चपलांकडे गेलं.

"ह्या काय गं चपला?"

"पाय पोचत नायत ना गाडीवर."

"मग सीट कापायची! लडक्या अर्ध्या तासात करून देईल."

"आणि तू बसशील कसा?"

नविन हसला. अगदी मोकळं हसला, पूर्वी माळावर हसायचा तसं. "काप गं तू खुशाल. मला काय करायचीय आता ती गाडी?"

त्याला वाटलं, आपण किती मोठ्या मनाने बायकोला गाडी देऊन टाकली. माणूस वाईट नव्हता. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. संगिताच्या मात्र आलं. तिने ओट्याचा खांब धरला.

"तिकडं कोन हाय?" तिने विचारलं.

नविनने कपात बघितलं. "हाय," म्हणाला. मग, "पोरगा हाय. सात महिन्यांचा. त्याच्या जन्माच्या कागदाला माझं आधार लागतंय."

ती ओरडली नाही, भांडली नाही. भांडायला निदान समोरचा माणूस आपला असावा लागतो. तिने उठून गाडीची चावी घेतली आणि म्हणाली, "चल, नाक्यावर सोडते."

तो मागे बसला होता, तसाच, माळावर बसायचा तसा, फक्त हात स्वतःच्या मांड्यांवर. हायवेला प्रवासी जीपपाशी तिने ब्रेक लावला, आणि त्याचे लांब पाय सवयीने दोन्ही बाजूंनी जमिनीवर आले.

"पाय उचल," ती म्हणाली.

"पडशील."

"उचल म्हणते ना."

त्याने उचलले. टायरच्या चपलांवर, घोटे थरथरत, तिने गाडी आणि तो, दोन्ही पेललं. मग तो उतरला. जीप भरेपर्यंत ती थांबली नाही. ती सरळ लडक्याकडे गेली.

"कापा," म्हणाली.

लडक्याने पाना उचलला. कव्हर सोललं, पात्याने फोम कापला, बुटके शॉकअप शोधून बसवले, नवं कॅरिअर घडवून या वेळी वेल्डिंगने लावलं. फोमचा तुकडा जमिनीवर पडला होता, नविनच्या बैठकीने मधोमध दबलेला. तिने तो उचलला, हातात धरला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. चपलाही तिथेच सोडल्या. लडक्याने आपल्या जुन्या स्लिपर पुढे सरकवल्या. त्या घालून ती गाडीवर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचे दोन्ही तळवे टाचांसकट जमिनीवर टेकले.

शनिवारी पहाटे ती चिंचणीला निघाली. रेल्वेचं फाटक बंद होतं. शेजारी टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "भारी आहे. कुणाची गाडी, बाई?"

तिच्या तोंडाशी नेहमीचं नाव आलं.

"माझी," ती म्हणाली.

मालगाडी लांबलचक होती. एरवी फाटकात तिचा सगळा जीव गाडी पेलण्यात जायचा, दुसरं काही सुचायचंच नाही. आज गाडी आपली स्थिर उभी होती, पाय घट्ट टेकले होते, करायला काहीच नव्हतं. आणि चार वर्षांत पहिल्यांदा संगिताला रडायला सवड मिळाली.