वाढवलं का?

दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. हे मला नंदाबाईनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं. मी आपला सरळ म्हणालो, "चल, बंद करतो," तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "बंद म्हनू न्हाई. वाढवतो म्हना." ही दुकानदारांची जुनी रीत आहे, पण आमच्याकडे ती दुकानापुरती राहिली नाही. टीव्ही वाढवायचा, पंखा वाढवायचा, आमचा मुलगा आदिनाथ लहानपणी अभ्यास वाढवून झोपायचा. एकदा माझी मेहुणी राहायला आली होती. नंदाबाई म्हणाली, "गॅस वाढव गं." तिनं ज्योत मोठी केली आणि पिठलं करपलं. पुढची दहा वर्षं त्या पिठल्यावर सगळे हसले.

माझा लोणावळ्याच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता, अडतीस वर्षं. पासपोर्ट साइज, लग्नं, बारशी. आंदर मावळातून माणसं आधी चालत आणि मग मिळेल त्या जीपनं यायची, नव्या जोडप्याला खुर्चीत बसवून फोटो काढून घ्यायची. रोज रात्री साडेआठला नंदाबाईचा घरून फोन.

"वाढवलं का?"

"एक गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक कुठलं आलंय! शेजारी भिकाजीचं चिक्कीचं दुकान. तिथं स्टुलावर बसून मी चहा प्यायचो आणि जगाची उठाठेव करायचो. तुंगार्लीतलं आमचं घर स्कूटरवर दहा मिनिटांवर. मी पाऊण तासानं पोचायचो. ती वाढून ठेवायची नाही, मी आल्यावरच तवा चढवायची.

दीड वर्षापूर्वी एका बुधवारी असाच फोन आला. ती काहीतरी बोलत होती, माझा अर्धा कान भिकाजीकडे. मी ठरलेलं उत्तर दिलं आणि फोन ठेवला. सव्वानऊला घरी गेलो तर ती ओट्याखाली पडलेली होती, कणकेचा हात तसाच. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. हे किती वेळापूर्वी झालं असेल, असं मी त्यांना विचारलं नाही. आदिनाथ पुण्याहून आला. "आबा, तुम्ही कुठं होतात?" त्यानं विचारलं.

"दुकानात. गिऱ्हाईक होतं."

भावकीलाही मी तेच सांगितलं. दहावा झाल्यावर दुकान कायमचं वाढवलं.

मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल हळूहळू. नाही आलं. भात समोर आला तर खायचो, नाही आला तर नाही. इंद्रायणी तांदूळ शिजला की घरभर वास सुटतो. तो सुटायचा, पण शेजारच्या घरातून आल्यासारखा. मी आजारी नव्हतो. फक्त कशाचं काही वाटत नव्हतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

आदिनाथ हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे. बापाला काहीतरी उद्योग लावून द्यावा असं त्याच्या मनानं घेतलं. दुकानातल्या निगेटिव्ह घरी आणून पडल्या होत्या आणि लोणावळ्याच्या दमट हवेनं त्यांना बुरशी धरली होती. त्या स्कॅन करायच्या आणि घरातच जपून ठेवायच्या, असा बेत. एका रविवारी तो खोकी घेऊन आला आणि आतल्या खोलीत जमिनीवर पसारा मांडून बसला. संध्याकाळपर्यंत कपाटावर बुटाच्या खोक्याएवढी एक काळी पेटी उभी राहिली. तो तिला सर्व्हर म्हणायचा, मी पेटीच म्हणायचो.

"आबा, यात दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलं की दुसरीवर तेच आपोआप उतरतं. एक गेली तरी दुसरी असते."

"आन दोनी गेल्या तर?"

"त्यासाठी तिसरी प्रत वेगळी ठेवायची. ती आपण करूच."

पेटीच्या खाली बॅटरी, म्हणजे लाइट गेली तरी दहा मिनिटं तग धरेल. मला इंग्रजीची अडचण नको म्हणून संगणकाच्या पडद्यावरची सगळी बटणं त्यानं स्वतः बसून मराठीत केली. 'शोधा', 'जतन करा', 'नाव बदला'. वर कोपऱ्यात एक 'बंद करा' होतं. त्याच्या वाटेला मी कधी गेलो नाही.

मी स्कॅन करत राहिलो. नवऱ्या, वरमाया, शाळेचे वर्ग. रोज सकाळी पेटीचे दोन हिरवे दिवे पाहायचे आणि कामाला बसायचं. हाताला काम होतं, एवढं खरं.

मग माझा जुना फोन बिघडला. तो बदलायला देण्याआधी आदिनाथनं त्यातलं होतं नव्हतं ते पेटीत ओतलं, आणि ओतता ओतता थांबला.

"आबा, तुमच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल रेकॉर्ड होत होता. माहीत होतं तुम्हाला?"

मला कुठलं माहीत असायला! पडद्यावर यादी होती. नंदाबाईचे चार वर्षांतले अकराशे सहा फोन. त्यानं त्यांचा वेगळा कप्पा केला, 'नंदा' असं नाव दिलं आणि तो चहा करायला गेला.

यादीत प्रत्येक फोनपुढे वेळ लिहिलेली होती. पंधरा सेकंद, बारा सेकंद, अठरा सेकंद. वाढवलं का, एक गिऱ्हाईक हाय, येताना कोथिंबीर आना, ठेवते. सगळ्यात शेवटी त्या बुधवारचा फोन. एक मिनिट बारा सेकंद.

म्हणजे ती काहीतरी सांगत होती. छातीत दुखतंय म्हणाली का? लवकर या म्हणाली का? की भावजयीची काहीतरी कागाळी? मला आठवत नव्हतं, कारण मी ऐकलंच नव्हतं. ते सगळं आता पेटीत होतं.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. रोज सकाळी साडेआठला, चहाबरोबर, एक फोन. शिस्त म्हणाल तर शिस्त, पळवाट म्हणाल तर पळवाट. रोज एक म्हटलं तर शेवटच्याला पोचायला तीन वर्षं लागणार होती. ऐकताना मला काही वाटायचं नाही. तिचा आवाज यायचा, माझी थाप यायची, मी कप विसळायचो. पण शेवटचा ऐकेन तेव्हा काहीतरी होईल, असं मी धरून चाललो होतो. त्याचीच भीती होती आणि वाटही त्याचीच पाहत होतो.

गणपतीनंतर एक हिरवा दिवा लाल झाला. आदिनाथ आला, म्हणाला, एक डिस्क गेली, घाबरू नका, दुसरीवर सगळं आहे. त्यानं ती बदलून मोठी डिस्क घातली. एका दिवसानं दोन्ही दिवे हिरवे झाले. पुढच्या रविवारी त्यानं दुसरी, चांगली असलेली डिस्कही काढून तिच्या जागी मोठी घातली.

"ही जुनी मी पुण्याला नेतो. पूर्ण पुसून, तपासून आणतो. हिच्यावरच आपली तिसरी प्रत करू. पेटीतली जागाही तेव्हाच मोठी करीन. तोवर तुम्ही काही करू नका. फक्त विजा सुरू झाल्या तर पडद्यावरून थांबवायचं, दिवे विझले की मगच स्विच."

त्या गुरुवारी दुपारी चारला परतीच्या पावसाचं आभाळ तळ्याच्या बाजूनं वर आलं. मागच्या वर्षी अशाच विजांनी शेजारच्या बंगल्यातला टीव्ही जळाला होता. मी पडदा चालू केला. पहिल्याच पानावर, पूर्वी कधी नव्हतं असं एक रुंद हिरवं बटण होतं.

'वाढवा'.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा. पोरानं 'बंद करा' काढून टाकलं असेल, आईची रीत पेटीत घातली असेल, असं वाटलं. मी बटण दाबलं. 'खात्री आहे?' 'होय.' एक पट्टी हळूहळू भरू लागली. म्हटलं, असू दे, दुकान वाढवायलाही वेळ लागतो. आधी बाहेरचा बोर्ड आत, मग शटर, मग कुलूप.

पट्टी निम्म्यावरही आली नव्हती, तोच मागच्या बाजूला कडाडलं आणि लाइट गेली. खालची बॅटरी टीं टीं करायला लागली. दिवे काही विझेनात. पुन्हा कडाडलं. पेटी जळेल, तिच्यात नंदाबाई आहे, एवढंच मला कळत होतं. मी बॅटरीचंच बटण दाबलं आणि सगळ्या पिना उपसल्या.

सकाळी पेटी चालू केली तेव्हा दोन्ही दिवे लाल होते. 'नंदा' नव्हतं. काहीच नव्हतं.

आदिनाथ शनिवारी आला. तीन तास मांडी घालून बसला. शेवटी त्यानं विचारलं, "आबा, तुम्ही नक्की कोणतं बटण दाबलंत?"

"वाढवा."

"मी सांगितलं होतं ना, जागा मी मोठी करीन म्हणून! ती मोठी होत असताना मधेच वीज तोडलीत तुम्ही. का दाबलंत ते?"

"विजा होत्या. तूच म्हनला हुतास, पडद्यावरनं थांबीव."

"थांबवायला 'बंद करा' आहे. 'वाढवा' म्हणजे मोठं करा, आबा!"

"आपल्या घरात?" मी विचारलं.

मोठ्या डिस्क बसल्यावर आपोआप वर आलेल्या त्या बटणाचं नाव त्यानंच पूर्वी मराठीत लिहिलं होतं. तीनेक वर्षांचा होता तेव्हा हा पोरगा झोपताना आईला सांगायचा, डोळे वाढवले. पंधरा वर्षं पुण्यात राहिला आणि तेवढं विसरला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला समजवायला हवं होतं, पण माझा हात उठला नाही.

"जुनी डिस्क?" मी विचारलं.

"पुसली. मंगळवारीच. नीट पुसली."

"शेवटचा फोन तू ऐकला हुतास का? त्या बुधवारचा?"

"नाही. हिंमत झाली नाही." मग तो म्हणाला, "तुम्ही?"

"न्हाई."

दोन्ही डिस्क पुण्यातल्या एका माणसाकडे गेल्या. गेलेलं परत काढून देतो अशी त्याची ख्याती होती. तीन आठवड्यांनी त्यानं फोटो परत दिले. नावं, तारखा सगळं गेलेलं, पण फोटो आले. मावळातल्या सगळ्या नवऱ्या आल्या, वरमाया आल्या, शाळेचे वर्ग आले. फोन एकही आला नाही. त्यांच्यावर दुसरं काहीतरी लिहिलं गेलं होतं म्हणे. आदिनाथनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी बरं म्हणालो आणि कुकर लावला. मी तीनशे एकेचाळीसपर्यंत पोचलो होतो.

मार्गशीर्षात तो पुन्हा आला. पेटी त्यानं नव्यानं मांडली, फोटो भरले, आणि या वेळी उठण्याआधी तिसरी प्रत करून कपाटात ठेवली. मग बराच वेळ काहीतरी टाइप करत बसला.

"आबा, बटणं बदललीत. पाहून ठेवा. एकदा तुमच्या हातानं करून पाहा, म्हणजे माझी काळजी मिटली." आणि तो बाहेर ओसरीवर बूट घालायला गेला.

मी पडद्यासमोर बसलो. 'वाढवा' होतं तिथं आता 'जागा मोठी करा' होतं. आणि वर कोपऱ्यात, जिथं 'बंद करा' असायचं, तिथं 'वाढवा'. मी ते दाबलं. 'खात्री आहे?' येईल म्हणून बोट तयार ठेवलं होतं.

ते आलं नाही. पडद्यावर आलं, 'वाढवलं का?'

खाली 'होय' आणि 'नाही'. आवाज नव्हता, नुसती अक्षरं. ती तशीच थांबून राहिली. मी उत्तर देईपर्यंत ती जाणार नव्हती.

"एक..." माझ्या तोंडून निघालं. सवय, दुसरं काय. मी बोट मागे घेतलं.

"गिऱ्हाईक न्हाई गं कुनी," मी म्हणालो. "त्या दिशीबी नव्हतं. भिकाजीकडं च्या पीत बसलो हुतो."

बाहेर बुटांचा आवाज थांबला. दार उघडंच होतं. आदिनाथनं सगळं ऐकलं होतं, पण आता ते परत घेता येत नव्हतं आणि मला घ्यायचंही नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं.

"व्हय, वाढवलं," मी म्हणालो. "निघालोच." आणि 'होय' दाबलं.